टर्बो मोटार आणि दाबाचा पेंच



मोटारीची शक्ति पेट्रोलांत आहे अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु पेट्रोल जळावयास त्याच्या वजनाच्या सुमारें पंधरापट हवा लागते. तेव्हां सिलिंडरांत जितकी अधिक हवा कोंडतां येईल, तितकें अधिक पेट्रोल जळेल. फुकट जाणाऱ्या तप्त धुरानें एक चक्र फिरवावें आणि त्याच आंसावरील दुसऱ्या चक्रानें हवा आंत दाबावी, या युक्तीचें पेटंट आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियरानें १९०५ सालीं घेतलें. हाच टर्बोचार्जर. अमेरिकेंतील प्रवासी मोटारींत तो १९६२ मध्यें आला.

या यंत्रांत एक धोका मूळचाच आहे. धूर वाढला कीं चक्राचा वेग वाढतो, वेगाबरोबर हवेचा दाब वाढतो, आणि दाबाबरोबर धूर पुन्हां वाढतो. यास आळा घालण्यासाठीं धुराच्या वाटेंत एक चोरदरवाजा ठेवतात. त्यास वेस्टगेट म्हणतात. त्याच्या डबींत एक पडदा व एक स्प्रिंग असते. टर्बोंतील दाब रबरी नळीनें पडद्यापर्यंत पोंचतो. तो स्प्रिंगला भारी झाला, कीं दार उघडतें आणि कांहीं धूर चक्राला वळसा घालून निघून जातो.

मॅन्युअल बूस्ट कंट्रोलर म्हणजे याच नळीच्या मध्यें बसवावयाची एक लहानशी झडप. तिच्या एका प्रकारांत एक गोळी, तिला दाबून धरणारी स्प्रिंग आणि ती स्प्रिंग आवळण्याचा पेंच असतो. ठराविक दाब येईपर्यंत गोळी वाट अडविते. पडद्यास दाबाची वार्ताच लागत नाहीं, म्हणून दार बंद राहतें. पहारेकऱ्यास उशीरां जागें करावें, तसाच हा प्रकार. यानें दाब वाढवितां येतो. डबींतील मूळ स्प्रिंगनें ठरविलेल्या दाबाखालीं मात्र आणतां येत नाहीं.

व्होल्व्हो ७४० टर्बोसारख्या स्वीडनच्या जुन्या गाड्यांत टर्बोपासून डबीपर्यंत नळी सरळ जाते. तेथें हें काम सोपें आहे. इंजिन थंड असतांना नळी कापावी. झडपेचें आंत येण्याचें तोंड टर्बोकडे व दुसरें डबीकडे करावें. उलट बसविल्यास दाबच गोळीला घट्ट बसवील आणि दार कधींच उघडणार नाहीं. नळ्या आंखूड, तप्त भागांपासून दूर आणि दोन्हीं टोकांस पट्ट्यांनीं आवळलेल्या असाव्यात. कारण नळी निसटली, तरीहि परिणाम तोच. डबीच्या बाजूचें सूक्ष्म भोंक बुजवूं नये. कोंडलेला दाब तेथूनच सुटतो. दाबमापक लावल्याशिवाय पेंचास हात लावूं नये. प्रथम पेंच पूर्ण सैल ठेवावा. मग पाव फेरा आवळून मोकळ्या रस्त्यावर थोडें अंतर गाडी चालवावी व कांटा पाहावा.

मग थांबावें कोठें? दाबलेली हवा तापते. ती फार तापली, तर ज्वाळा पोंचण्यापूर्वींच उरलेलें मिश्रण एकदम पेटतें आणि इंजिनांतून धातूवर धातू आपटल्यासारखी टकटक ऐकूं येते. ती चालूं राहिल्यास दट्टे फुटतात. १९६२ च्या ओल्ड्समोबाइल जेटफायर गाडींत याच भयानें पाणी व मेथॅनॉल यांचें मिश्रण हवेबरोबर आंत सोडीत. तें संपलें, तर दाब आपोआप कमी करण्याचीहि योजना होती. गाडी बनविणारे इतके सावध असतां, आपण पेंच पिळतांना त्यांच्याहून निष्काळजी असूं नये. टकटक ऐकूं येतांच पाय उचलावा व पेंच सैल करावा. मात्र ती प्रत्येक वेळीं कानांस ऐकूं येईलच असें नाहीं. शिवाय वाढलेल्या हवेला पुरेसें पेट्रोल मिळतें कीं नाहीं, हें जाणत्याकडून तपासून घ्यावें.

अलीकडील गाड्यांत टर्बोचा दाब संगणक ठरवितो. तेथें ही झडप घुसविणें म्हणजे त्याच्या हिशेबांत ढवळाढवळ करणें होय.

कारखान्यानें शक्ति थोडी राखून ठेवलेली असते, ती कंजूषपणामुळें नव्हे. हलकें पेट्रोल, वैशाखांतील ऊन, भरल्या गाडीनें चढावयाचा घाट, या प्रसंगांसाठीं ती शिल्लक असते. पेंच आवळणारा ती शिल्लक आजच खर्चीत असतो. ती किती खर्चावी हें ज्याचें त्यानें ठरवावें. पण कांट्याकडे पाहून ठरवावें.