नापिकीच्या सालचा हिशेब

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



अमेरिकेतला शेतकरी किती मजेत राहतो, हे आपल्याला नेहमी ऐकवले जाते. ते अगदीच खोटे नाही. पण तुलना करायची तर आपल्यासारख्याशी करावी. टेक्सासमध्ये लबक नावाचे गाव आहे. त्याच्या आसपासचा शेतकरी कापूस आणि ज्वारी पेरतो. त्यातला मोठा हिस्सा कोरडवाहू आहे. तिथे पाऊस वर्षाला साधारण १८ इंच. आपल्या यवतमाळला जवळपास त्याच्या दुप्पट. तेव्हा आभाळाने त्याला झुकते माप दिले, असे म्हणायला जागा नाही.

मग त्याच्या घरात आणि आपल्या घरात एवढे अंतर का?

त्याच्याकडे शेकडो एकर आहेत, आपल्याकडे चार-पाच, हे तर आहेच. त्याच्या शेतात वेचणीला बाई लागत नाही. पाने झडली की यंत्र फिरते आणि बोंडासकट कापूस ओरबाडून नेते. इथे आमच्या मायबहिणी कमरेला ओटी बांधून किलोवर वेचतात. संध्याकाळी भाकरी थापायला बसतात, तेव्हा बोटे बोंडांच्या टोकांनी फाटलेली असतात. विजेचे पाहा. १९३५ च्या सुमारास तिथेही खेड्यातल्या दहा घरांपैकी नऊ घरे अंधारात होती. सरकारने शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना स्वस्त कर्ज दिले, संस्थांनी तारा ओढल्या आणि वीसएक वर्षांत बहुतेक शेतघरांत दिवे लागले.

पण त्याचे सगळे कापसावर भागते, असे समजू नका. तिथल्या कृषिखात्याचेच आकडे सांगतात की बहुतेक वर्षी निम्म्या शेतकरी कुटुंबांना शेतीतून काही उरत नाही. (यात लहान, हौशी शेतकरीही धरलेले आहेत.) घर चालते नोकरीवर. पुष्कळदा घरधनीण गावातल्या शाळेत किंवा दवाखान्यात नोकरी करते आणि त्या नोकरीच्या विम्यावर घरातली आजारपणे निघतात. शेजार मैलभर लांब. दुखल्या-खुपल्याला हाक मारावी तर ऐकायला कोणी नाही. ते सुख मला नको.

खरा फरक दिसतो तो नापिकीच्या साली. २०२२ मध्ये टेक्सासमध्ये असा दुष्काळ पडला की पेरलेल्या कापसापैकी निम्म्याहून जास्त क्षेत्र वेचणीआधीच सोडून द्यावे लागले. तरी ज्याचा विमा होता त्याला पैसा मिळाला, आणि तो त्याच्या स्वतःच्या शेताच्या मागच्या उत्पन्नाच्या नोंदीवर. आपल्याकडे उत्पन्नातली घट मंडळाच्या सरासरीवर मोजतात. माझे शेत बुडाले आणि मंडळ तरले, तर मी बुडालोच नाही!

त्याच्या विम्याच्या हप्त्यातला मोठा वाटा त्याचे सरकार भरते. त्याच्या सरकारच्या कापूस सबसिडीविरुद्ध ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला आणि जिंकला. आपले सरकार उलटे चालते. मार्च २०१२ मध्ये कापसावर निर्यातबंदी घातली, ऑगस्ट २०२५ मध्ये ११ टक्के आयात शुल्क काही महिन्यांसाठी उठवले.

आता कर्जाचे. १९७९ साली, म्हणजे आपली चाकणची कांद्याची लढाई चालू होती त्याच सुमारास, अमेरिकेतले शेतकरी ट्रॅक्टर घेऊन थेट वॉशिंग्टनला धडकले. मागणी एकच, खर्चाला परवडेल असा भाव. भाव मिळाला नाही. पुढे व्याज चढले, जमिनीच्या किमती कोसळल्या, लिलाव सुरू झाले. तेव्हा, १९८६ मध्ये, तिथे शेतकरी कुटुंबांसाठी दिवाळखोरीच्या कायद्यात वेगळे प्रकरण घातले गेले. शेतकऱ्याने अर्ज केला की वसुली थांबते. तो आपल्या जमिनीवरच राहतो. तीन ते पाच वर्षांत उत्पन्नातून जमेल तेवढे कसे फेडायचे, ते न्यायालय मंजूर करते. जमिनीच्या किमतीपेक्षा वरचे कर्ज बिनतारणी ठरते आणि त्यातले जे फिटत नाही, ते शेवटी सुटते.

आपल्याकडे २०१६ साली दिवाळखोरीचा कायदा झाला. कंपन्यांची हजारो कोटींची कर्जे त्यात कमी किमतीत मिटली. व्यक्तींच्या कर्जाचा भाग मात्र, कंपन्यांचे जामीनदार सोडले, तर कागदावरच राहिला. इंग्रजाने तरी सुप्याच्या दंग्यानंतर, १८७९ मध्ये, दख्खनच्या शेतकऱ्यासाठी कायदा करून त्यात नादारीची तरतूद ठेवली होती! आम्हाला २००८, २०१७, २०१९ अशा कर्जमाफ्या मिळाल्या. त्यात कोणाचे नाव यादीत आले, कोणाचे अटीत अडकले. दिवाळे काढायला कंपनीला कचेरी आहे. आमच्या माणसाला दोर आणि औषधाची बाटली.

म्हणून पुढच्या बैठकीत या कायद्याचा ठराव मांडायचा आहे. येताना बँकेच्या नोटिसा, विम्याची पावती आणि आपल्या मंडळाचा उंबरठा उत्पन्नाचा आकडा घेऊन या. ज्या घरातला कर्ता गेला आहे, तिथल्या बहिणीने जरूर यावे. ठराव तिने मांडावा.