बी वाळवू नका

अँथुरियम म्हटलं की पुष्पगुच्छातलं लाल, चकचकीत फूल आठवतं. मी आज बोलणार आहे ते त्याच्या मखमली पानांच्या भाऊबंदाबद्दल, अँथुरियम क्रिस्टॅलिनमबद्दल. पनामा आणि कोलंबियाच्या दमट जंगलातलं हे अळूच्या कुळातलं झाड. गडद हिरवं, हृदयाच्या आकाराचं पान आणि त्यावर चंदेरी शिरा. १८७३ साली त्याला शास्त्रीय नाव मिळालं. रोपं महाग, म्हणून हौशी मंडळी बियांकडे वळतात आणि तिथेच घात होतो. बी वाळवतात!

दोडका, भोपळा, वांगं यांचं बी आपण वाळवतो, राखेत घोळून ठेवतो. ते योग्यच. पण ते बी म्हणजे धान्य, आणि अँथुरियमचं बी म्हणजे दूध. धान्य डब्यात वर्षभर राहील. दूध आलं की लगेच विरजायला हवं. फणसाची आठळी, आंब्याची कोय यांचीही हीच तऱ्हा. ओल गेली की आतला जीव गेला.

म्हणून रंगीत चित्राच्या पाकिटातलं कोरडं अँथुरियमचं बी कृपा करून विकत घेऊ नका. ते उगवत नाही, आणि नवखा माणूस स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. याचं मला फार वाईट वाटतं.

आता बी मिळवायचं कसं? फुलाच्या दांड्यावर आधी स्त्रीकेसरांचे चिकट थेंब दिसतात, पराग काही दिवसांनी येतो. त्यामुळे त्याच दांड्याला स्वतःचा पराग सहसा लाभत नाही. तो कुंचल्याने टिपून फ्रिजमध्ये ठेवायचा आणि पुढच्या फुलाला लावायचा. फळ पिकायला कित्येक महिने लागतात. पिकलं की ते दांड्यातून बाहेर येऊन लोंबू लागतं.

मग मात्र थांबू नका. फळ चिमटा, बी काढा, गर पाण्यात चोळून धुवा. गर राहिला तर बुरशी आलीच. विरजणाचं भांडंसुद्धा आपण आधी स्वच्छ करतो ना? ओलसर मॉसवर बी नुसतं ठेवा, पुरू नका. पारदर्शक डब्याचं झाकण लावा. उजेड हवा, पण ऊन नको. विरजण उबेला ठेवतो तशी ऊब हवी; पुण्याच्या डिसेंबरात डबा खिडकीपासून आत घ्या. आणि विरजण सारखं ढवळून पाहत नाहीत, तसं बीही उकरून पाहू नका. ताजं असेल तर एक-दोन आठवड्यांत मोड दिसतो.

पहिली पानं इवलीशी असतात, मखमल आणि चंदेरी शिरा नंतर येतात. म्हणून रोपं टाकून देऊ नका.

पुन्हा सांगतो, कारण हेच विसरलं जातं. ओळखीत कुणाच्या झाडावर फळ धरलं असेल, तर आजच सांगून ठेवा, पिकलं की कळवा. ओल्या मॉसमध्ये गुंडाळून ते घरी आणा आणि त्याच संध्याकाळी पेरा. वाळवू नका.