स्क्रूला हात लावण्याआधी



उन्हाळी धान निघालं, की आपल्या भंडारा जिल्ह्यात खरिपाची धांदल सुरू होईल. कोठ्यात पडलेला ब्रश कटर, पॉवर वीडर, पाठीवरचा पेट्रोलचा फवारणी पंप बाहेर निघेल. दोरी ओढून ओढून खांदा भरून येईल, इंजिन एकदा भुर्र करेल आणि गप्प होईल. मग कोणीतरी पेचकस घेऊन कार्बुरेटरचे स्क्रू फिरवायला बसेल. तिथेच माझी हरकत आहे. मागच्या हंगामात नीट चाललेल्या इंजिनाची सेटिंग कोठ्यात पडल्या पडल्या सहसा बदलत नाही. बदलतं ते पेट्रोल.

कार्बुरेटरच्या अरुंद गळ्यातून जाताना हवा वेग घेते, तिथला दाब उतरतो आणि वाटीतलं पेट्रोल जेटमधून वर ओढलं जातं. एक ग्रॅम शुद्ध पेट्रोल पुरतं जळायला सुमारे 14.7 ग्रॅम हवा लागते. हा सगळा हिशेब जेटच्या बारीक छिद्रावर चालतो.

आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते उसापासून होतं, मक्यापासून होतं, तांदळापासूनही होतं. धानाच्या जिल्ह्याने त्याला नावं ठेवू नयेत. पण त्याचा स्वभाव ओळखावा. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. पावसाळ्यात अर्धी टाकी तशीच राहिली आणि पाणी जास्त झालं, तर ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसतं. अशा यंत्राची वाटी उघडून बघा: तळाला पांढरट भुकटी, कडेला चिकट तपकिरी थर आणि नाकात जाणारा आंबूस वास. म्हणून हंगाम संपला, की टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

आता दोष ओळखायचा कसा? चोक लावला की चालतं, काढला की बंद पडतं, म्हणजे पेट्रोल कमी पोचतंय. ताजं पेट्रोल घाला, नळीतला फिल्टर बघा. थोडा वेळ चालून बंद पडत असेल, तर टाकीचं झाकण सैल करून पाहा. झाकणातलं हवेचं छिद्र बुजलं असेल, तर लगेच कळतं. उलट काळा धूर आणि काजळलेला प्लग दिसला, तर आधी एअर फिल्टर काढा. कापणीत तो धानाच्या तुसाने भरतो. वाटीतून पेट्रोल गळत असेल, तर फ्लोटच्या सुईत कचरा आहे किंवा ती झिजली आहे.

जेट काढून उजेडासमोर धरा. छिद्र गोल आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. त्यात तार घालू नका. पितळ मऊ असतं, छिद्र मोठं झालं की ते जेट कायमचं गेलं. क्लीनरचा फवारा मारा, हवा मारा, डोळे सांभाळा.

एवढं करूनही रेस घेत नसेल, तरच स्क्रू. ब्रश कटरच्या कार्बुरेटरमध्ये फ्लोटऐवजी सहसा पडदा असतो, म्हणून तो आडवा-तिरपा धरला तरी चालतो. कमी रेसचं पेट्रोल ठरवणारा एल स्क्रू अलगद टेकेपर्यंत आत फिरवा आणि साधारण एक ते दीड फेरा बाहेर घ्या. ही फक्त सुरुवात. शेवटचा शब्द त्या यंत्राच्या पुस्तिकेचा. इंजिन तापल्यावर बारीक फेरफार करा. पूर्ण रेसचं पेट्रोल ठरवणारा एच स्क्रू मात्र जास्त रेसच्या मोहाने आत आवळू नका. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलासोबतच येतं. पेट्रोल तोडलं म्हणजे ऑइलही तोडलं, आणि तापलेला पिस्टन सिलिंडरला धरतो. पूर्ण रेसवर आवाज किंचित जाड राहू द्या, पातं गवतात घातलं की तो मोकळा होतो.

टी स्क्रू हात सोडल्यावरची, म्हणजे आयडलची, रेस ठरवतो. हात सोडल्यावर पातं फिरत राहिलं, तर तो बाहेर घेऊन रेस उतरवा. तरीही पातं थांबलं नाही, तर क्लचची स्प्रिंग गेलेली असू शकते. ती बदलेपर्यंत ते यंत्र बांधीत नेऊ नका.