चांगली वस्ती कोणासाठी चांगली?

(सावित्रीबाई फुले जयंतीनिमित्त आष्टी येथे भरलेल्या महिला मेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला, ‘मुलांच्या शिक्षणासाठी शहरात राहताना’. मी काही जाणकार नाही. मी आष्टीची. नऊ वर्षांपूर्वी दोन मुलं घेऊन नगरला खोली करून राहिले. नवरा दुकानासाठी इथेच राहिला. तेव्हा मी त्याला ‘मालक’ म्हणायची. नगरला घरमालक भेटला आणि मग कोणालाच मालक म्हणू नये असं वाटायला लागलं!

आपल्याकडून मुलांसाठी नगर गाठणं नवं नाही. आधी फक्त एस.टी. होती, २३ सप्टेंबर २०२२ पासून रेल्वेही झाली. पण आपल्याच तालुक्यातल्या कितीतरी बाया दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. त्यांची पोरं फडावर नाहीतर हंगामी वसतिगृहात. ‘चांगली वस्ती, चांगली शाळा’ निवडायला मिळणं हीच मुळात थोड्यांची गोष्ट आहे, हे आधी कबूल करू.

मी खोली शोधायला निघाले तेव्हा तीन प्रश्न दारोदार ऐकले. आडनाव काय? मिस्टर कुठं असतात? घरात मटण-मच्छी शिजतं का? दुसऱ्या प्रश्नाला माझी अडचण व्हायची. नवरा सोबत नसलेली बाई म्हणजे भानगड, असं समजतात. पण आडनावावर मी पास झाले. खोली मिळाली. गल्लीत दिवे, नळाला पाणी, शाळा चालत दहा मिनिटांवर. मी इथे येऊन सगळ्यांना सांगायची, वस्ती फार चांगली आहे.

दुसऱ्या वर्षी शेजारची खोली रिकामी झाली. माझी इथली एक मैत्रीण, जिल्हा परिषदेच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसलो, तिलाही मुलीसाठी नगरला यायचं होतं. आमच्या मुली एकाच वयाच्या. मी तिला बोलावून घेतलं. घरमालकाने नाव विचारलं. नाव मुसलमानाचं. “खोली कालच दिली,” म्हणाला. त्यानंतर ती खोली दोन महिने रिकामी होती.

मला तेव्हाच कळलं होतं. मी तिला चहा पाजला, स्टँडपर्यंत पोचवलं आणि गप्प बसले. बोलले तर माझी खोली जाईल, ही भीती. पुढे माझ्या मुलीने विचारलं, “आई, ती आपल्या इथं का नाही राहत?” मी म्हणाले, “भाडं परवडत नाही.” पोरीशी खोटं बोलले.

मैत्रिणीला लांब एक खोली मिळाली. त्या मालकाने भाडं घेतलं, पण करार नोंदवून दिला नाही. त्याचा परिणाम काय झाला बघा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याप्रमाणे विनाअनुदानित खाजगी शाळांत पहिलीच्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी मोफत असतात. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा त्यातून वगळलेल्या आहेत. पण प्रवेश मिळतो घरापासूनच्या अंतरावर. राहण्याचा पुरावा लागतो आणि भाडेकरूला नोंदणीकृत करार दाखवावा लागतो. तिच्याकडे तो नव्हता. तिच्या मुलीचा फॉर्मच भरता आला नाही. खोली नाकारली तेव्हा शाळाही नाकारली गेली होती. वर्षभरात ती आष्टीला परत आली.

हे एका घरमालकाचं प्रकरण नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवण्याचा नियम ग्राह्य धरला. २०१५ साली सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांचा दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दलितांना आणि त्याहून जास्त मुसलमानांना नकार मिळतो, हे त्यात दिसलं. म्हणजे ‘चांगली वस्ती’ आपोआप होत नाही. काही जणांना बाहेर ठेवून ती चांगली म्हणवली जाते.

आज सावित्रीबाईंची जयंती. त्यांनी आणि जोतीरावांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. त्याआधी जोतीरावांनी फरारबाईंच्या मुलींच्या शाळा पाहिल्या, त्या याच नगरला. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या चौदा वर्षांच्या मुलीने १८५५ साली ‘ज्ञानोदया’त आपल्या लोकांच्या दुःखावर निबंध लिहिला. चौदा वर्षांची पोर बोलली. मी पस्तिशीची बाई गप्प बसले.

आता करायचं काय? खोली बघायला जाल तेव्हा दिवसा जाऊ नका. संध्याकाळी सातनंतर गल्लीतून चाला. बायका बाहेर बसलेल्या दिसतात का? शाळा सुटताना फाटकाशी उभ्या राहा. कोणकोणत्या घरची पोरं बाहेर पडतात? करारावर स्वतःचं नाव घाला. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने करार लेखी करून नोंदवणं ही घरमालकाची जबाबदारी आहे, उपकार नव्हे. आणि इथे कोणाला खोली देत नाहीत, हे शेजारणीला विचारा. खरं तीच सांगेल.

ज्या इथेच राहणार त्यांनी शाळा व्यवस्थापन समितीत जा. त्यात तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असायलाच हव्यात, हाही कायदाच आहे. सगळ्यांची पोरं एका बाकावर बसतात ती शाळा आपल्या गावात आहे. ती सुधारली तर निम्म्या जणींना खोली शोधायची वेळ येणार नाही.

मागच्या जूनमध्ये शेजारची खोली पुन्हा रिकामी झाली. एक बौद्ध नर्सताई बघायला आल्या. मालक तेच बोलायला लागला. या वेळी मी आणि वरच्या मजल्यावरच्या काकू दारात उभ्या राहिलो. म्हटलं, खोली रिकामी आहे हे आम्हाला माहीत आहे. आठ दिवस कुरकुर चालली, पण खोली त्यांना मिळाली, करारही नोंदवला. माझी खोली गेली नाही. आठ वर्षं जिची भीती धरली, ते घडलंच नाही.

माझी मैत्रीण आज या सभेत बसली आहे. तिला विचारूनच हे सगळं सांगितलं. परवा मी माझ्या मुलीलाही खरं काय ते सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. ते बरोबरच होतं.

सभेनंतर मी दाराजवळ वही घेऊन बसणार आहे. नगरला खोली हवी असलेल्यांनी आणि नगरला ज्यांच्या शेजारी खोली रिकामी आहे त्यांनी नाव लिहा. आडनाव नाही लिहिलं तरी चालेल.