संगणकावरील हस्ताक्षर

लातूरच्या अडत बाजारातील जुन्या वहीत नुसते अक्षर पाहून नोंद कोणत्या दिवाणजीची हे ओळखता येत असे. संगणकावर सर्वांचे अक्षर सारखेच. तेथे माणसाची ओळख म्हणजे त्याचे खाते, आणि त्या खात्याची राखण करतो तो परवलीचा शब्द, अर्थात पासवर्ड. हा शब्द चौघांत वाटला गेला की विद्यार्थ्याचे गुण चुकीचे कोणी नोंदविले, याचे उत्तर कोणापाशीच उरत नाही. संशय मात्र चौघांवरही राहतो.

नांदेड येथे १९९४ साली स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, त्याचा लातूरचा उपपरिसर आणि दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालये येथे एकाच संगणकाशी अनेकांचा संबंध येतो. अशा ठिकाणी लिनक्स प्रणाली असल्यास पासवर्ड बदलण्यासाठी एक छोटी आज्ञा पुरते. इंग्रजी ‘पासवर्ड’मधील ‘ओ’ व ‘आर’ ही अक्षरे गाळली की ती तयार होते. आज्ञा देताच प्रथम जुना शब्द विचारला जातो, नंतर नवा दोनदा. टंकताना पडद्यावर काहीच उमटत नाही. नवख्याला कळफलकच बिघडला असे वाटते! वस्तुतः मागे उभ्या असलेल्याला अक्षरांची संख्याही कळू नये, म्हणून ही योजना आहे.

दिलेला शब्द संगणक जसाच्या तसा साठवीत नाही. त्यात काही यादृच्छिक अक्षरांचे ‘मीठ’ कालवून तो असा दळला जातो की पिठावरून दाणा ओळखता येऊ नये. रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्प्सन यांनी १९७९ साली हीच रीत विशद केली होती. त्यामुळे प्रशासकालाही कोणाचा शब्द वाचता येत नाही; तो फक्त नवा देऊ शकतो. तसा दिल्यावर त्याच आज्ञेपुढे उणेचिन्ह, लहान ‘ई’ आणि खात्याचे नाव लिहावे. मग पुढच्या प्रवेशाच्या वेळी खातेदाराला स्वतःचा शब्द ठरवावाच लागतो, आणि प्रशासकाला ठाऊक असलेला शब्द बाद होतो.

दरमहा शब्द बदलण्याची सक्ती मात्र फारशी उपयोगी नाही. अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१७ मध्ये, शब्द फुटल्याचा पुरावा नसताना अशी सक्ती करू नये, असे सुचविले. सक्ती झाली की माणूस जुन्याच शब्दापुढे एक आकडा वाढवितो, किंवा चिठ्ठी लिहून पडद्याला चिकटवितो. त्यापेक्षा लांब, लक्षात राहील असा आणि इतरत्र न वापरलेला शब्द बरा.

कर्मचाऱ्याची बदली झाली की त्याचे खाते पुसून टाकू नये, कारण जुन्या नोंदी त्याच नावावर असतात. ‘ई’ऐवजी लहान ‘एल’ लिहिल्यास पासवर्ड कुलूपबंद होतो. तथापि, त्या खात्यात पासवर्डाशिवाय, संगणकीय किल्लीच्या आधारे, शिरण्याची सोय केलेली असेल तर ते दार उघडेच राहते. म्हणून कार्यमुक्तीच्या दिवशीच खात्याची मुदतही संपवावी.