गर्भारपण आणि घरातलं मांजर



सुनेला दिवस गेल्याचं कळलं की काही घरांत मांजराला पोत्यात घालून लांब सोडून यायची घाई होते. मांजरामुळे बाळाला रोग होतो, असं कुणीतरी सांगितलेलं असतं. रोग खरा आहे. त्याचं नाव टॉक्सोप्लाझ्मोसिस. पण मांजर हाकलल्याने तो टळत नाही, हे मला आज सांगायचं आहे.

टॉक्सोप्लाझ्मा हा एकपेशीय परजीवी १९०८ साली शास्त्रज्ञांना सापडला. तो मांजराच्या विष्ठेतून पसरतो हे मात्र १९७०च्या सुमारास उलगडलं. हे उलगडणाऱ्या संशोधकांत भारतात जन्मलेले जे. पी. दुबे होते. उंदीर, पाखरू किंवा कच्चं मांस खाल्लं की मांजराला लागण होते. मग साधारण एक ते तीन आठवडे त्याच्या विष्ठेतून परजीवीची लाखो बीजं पडतात आणि पुढे बहुधा थांबतात. ही बीजं ताजी असताना बाधत नाहीत, त्यांना तयार व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून घाण रोजच्या रोज काढली की धोका बराच सरतो. मांजराला कुरवाळल्याने लागण होण्याची भीती फारच थोडी.

मांजराला हात लावण्यापेक्षा खरी काळजी मातीची आणि कच्च्या मांसाची. ओलसर मातीत ही बीजं वर्षभराहून अधिक टिकतात. तुम्ही घरचं मांजर सोडून आलात, तरी शेजारचा बोका तुमच्या मेथीच्या वाफ्यात आणि बांधकामाच्या वाळूत येऊन जातोच! म्हणून गर्भवतीने कुंड्यांत हात घालताना हातमोजे घालावेत, कोथिंबीर-मुळा वाहत्या पाण्यात नीट धुवावा, पाण्याची खात्री नसेल तर उकळून प्यावं. युरोपातल्या सहा शहरांतल्या गर्भवतींच्या अभ्यासात सगळ्यात मोठं कारण निघालं ते अर्धकच्चं मांस. आपला रस्सा चांगला शिजतो, पण अर्धवट भाजलेले कबाब टाळावेत आणि कच्चं मटण चिरलेली सुरी लगेच धुवावी.

आईला बहुतेक वेळा काही जाणवतही नाही. फार तर कणकण येते, मानेत गाठी येतात. सुरुवातीच्या महिन्यांत लागण बाळापर्यंत क्वचित पोचते, पण पोचली तर गर्भपात होऊ शकतो, बाळाच्या डोक्यात पाणी साठू शकतं. शेवटच्या महिन्यांत ती सहज पोचते. तेव्हा इजा सौम्य असते, तरी डोळ्यांचा त्रास काही वर्षांनीही उद्भवू शकतो.

गर्भवतीला झालेल्या संसर्गांसाठी करतात त्या टॉर्च रक्ततपासणीचा कागद हातात आला की घरं हादरतात. त्यात टॉक्सोप्लाझ्मापुढे फक्त आयजीजी (जुन्या लागणीनंतर रक्तात टिकून राहणारी प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह असेल, तर लागण बहुधा जुनी असते आणि बाळाला सहसा धोका नसतो. आयजीएम (लागणीनंतर आधी तयार होणारी प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह आलं तरी ते कित्येक महिने तसंच राहू शकतं. एवढ्या एका कागदावरून गर्भ पाडण्याचा निर्णय कुणीही घेऊ नये. पुढची तपासणी करून घ्यावी. लागण ताजी ठरली तर औषधं आहेत.

आणि घरच्या माणसांना एक विनंती. मांजराला सोडून येऊ नका. त्याची घाण रोज उचलायचं काम हे नऊ महिने तुमच्यापैकी कुणीतरी अंगावर घ्या.