पहिला सांगावा कोणाचा?

(सारंगखेडा येथे महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

सारंगखेडा म्हटलं की बाहेरच्या लोकांना दत्तजयंतीची यात्रा आणि घोडेबाजार आठवतो. मला याच भागातली सतरा-अठरा वर्षांची एक मुलगी आठवते. महिनाभर तिला धड झोप नव्हती. समोर कोणी नसताना बोलायची. जेवणात विष घातलंय म्हणायची आणि स्वतः थापलेली भाकरी तेवढी खायची. शेजारणीने हे आशाताईंना सांगितलं, आशाताईंनी मला. मी वहीत लिहून घेतलं आणि म्हटलं, "डॉक्टर येतील त्या दिवशी घेऊन या." डॉक्टर यायला तीन आठवडे होते.

तेवढ्यात घरच्यांनी तिला भगताकडे नेलं. "तुला कोण त्रास देतं?" असं विचारल्यावर तिने चुलतीचं नाव घेतलं. चुलती विधवा, एकटी राहणारी, नावावर थोडी जमीन. आम्ही पोचलो तेव्हा मुलगी खोलीत कोंडलेली होती आणि चुलतीला लोक डाकीण म्हणू लागले होते. आज दोघी ठीक आहेत. पण त्या तीन आठवड्यांची जबाबदारी माझी आहे. शेजारणीने आणि आशाताईंनी आपलं काम केलं होतं, माझ्या पथकाची घडीच चुकीची होती. आज मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

या आजाराला डॉक्टर सायकोसिस म्हणतात. आवाज ऐकू येतात, पक्का संशय बसतो, खरं काय आणि भास काय हे माणसाला कळेनासं होतं. बहुतेकदा तो ऐन तारुण्यात सुरू होतो. बाळंतपणानंतर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत असं झालं तर क्षणभरही थांबू नका, आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका असतो. ताप, फिट, दारू यांमुळेही असं होऊ शकतं, म्हणून आधी शरीराची तपासणी हवीच.

उपचाराला जितका उशीर, तितकं बरं होणं अवघड, हे जगभर दिसून आलं आहे. म्हणूनच 1992 साली ऑस्ट्रेलियात मेलबर्नला पहिल्या झटक्याच्या रुग्णांसाठी वेगळं पथक उभं राहिलं. आपल्याकडे साताऱ्यात, गोव्यात आणि तामिळनाडूत 282 स्किझोफ्रेनिया रुग्णांचा अभ्यास झाला, तो 2014 साली प्रसिद्ध झाला. नुसत्या दवाखान्यापेक्षा, दवाखान्याच्या जोडीला घरी जाणारी प्रशिक्षित गावकार्यकर्ती असेल तर रुग्ण थोडे अधिक सावरतात, असं त्यात दिसलं. ते रुग्ण जुने होते. आजार नवा असताना हीच कार्यकर्ती किती उपयोगी पडेल, याचा विचार करा.

आता पथकाबद्दल. त्या प्रसंगानंतर आम्ही चार गोष्टी बदलल्या.

एक, सांगावा आला की तीन दिवसांत घरी जायचं. डॉक्टरांची वाट पाहायची नाही.

दोन, एका कुटुंबाला एकच कार्यकर्ती, आणि एका कार्यकर्तीकडे पंधरापेक्षा जास्त कुटुंबं नाहीत. दर वेळी नवा चेहरा आला तर कोण मनातलं सांगेल?

तीन, सोमवारच्या बैठकीत आधी गावकार्यकर्ती बोलते, मग नर्स, शेवटी डॉक्टर. पूर्वी डॉक्टर आधी बोलत आणि बाकीच्या माना डोलावत.

चार, कार्यकर्तीचं प्रवासभाडं त्याच आठवड्यात द्यायचं आणि रात्री तिला एकटीला पाठवायचं नाही. तिच्यावर कोणी ओरडलं, धावून आलं, तर ते बैठकीत बोलायचं. सेवाभावाच्या नावाखाली बाईचे श्रम फुकट घ्यायची सवय आपल्या संस्थांनाही आहे.

औषधांबद्दल एक बोलायलाच हवं. काही औषधांनी पाळी थांबते. पुरुष डॉक्टर विचारत नाहीत, मुलगी सांगत नाही. मग घरात संशय सुरू होतो, "पोटुशी आहे का?" एका सासूने याच कारणावरून सुनेच्या गोळ्या चुलीत टाकल्या. आता आमच्या नोंदवहीत पाळीचा वेगळा रकाना आहे. गोळी बदलता येते, कमी करता येते, पण आधी कळायला हवं. दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांना पुरेशा गोळ्या आणि गुजराती चिठ्ठी देतो.

मैत्रिणींनो, आजारी पुरुषाची बायको त्याला सांभाळते, आजारी बायको मात्र माहेरी पोचवली जाते. हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजार हे घटस्फोटाचं एक कारण आहे. पण नुसतं स्किझोफ्रेनियाचं नाव लागलं म्हणून घटस्फोट मिळत नाही, आजाराची तीव्रता पाहावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने 1988 साली सांगितलं. आदिवासी बायकांना तर हा कायदा सहसा लागूच नाही, त्यांचा निवाडा पंच करतात. तिथे आपल्यापैकी कोणीतरी बसलेली असली पाहिजे.

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी सेवेत उपचार मिळणं हा हक्क केला आहे, आणि साखळदंडाने बांधायला बंदी आहे. डाकीण ठरवून छळणं हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तरीही आम्ही भगताशी भांडत बसत नाही. "तुमचं चालू द्या, पण मारायचं नाही, उपाशी ठेवायचं नाही, कोणाचं नाव काढायचं नाही, आणि आम्हाला कळवायचं," एवढं सांगतो. काही जण ऐकतात. जे ऐकत नाहीत, त्यांच्यासाठी पोलीस ठाणं आहे.

रुग्णालाही विचारावं लागतं. ती मुलगी बरी झाल्यावर मला म्हणाली, "ताई, सगळे माझ्याबद्दल बोलत होते, माझ्याशी कोणीच नाही." तेव्हापासून पहिल्या भेटीत आम्ही आधी तिच्याशी बोलतो, मग घरच्यांशी.

तुम्हाला एकच मागणं आहे. गावात कोणी झोपेनाशी झाली, घाबरून कोपऱ्यात बसू लागली, तर "बाहेरचं आहे" म्हणून सोडू नका. आशाताईंना सांगा. 14416 हा सरकारी फोन चोवीस तास, फुकट आहे. आणि सांगूनही आमच्यासारखं पथक तीन दिवसांत आलं नाही, तर चौथ्या दिवशी आमच्या दारात येऊन बसा. तो तुमचा अधिकार आहे.